टप्प्यांची शर्यत आणि तुटलेली परंपरा

स्त्रियांच्या सायकल-शर्यतींचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा विजयी स्त्रियांची जंत्री देऊन थांबतात, आणि ही कथा पुरुषांच्या इतिहासाची पुरवणी होऊन बसते. आमच्या मतें तिचें मर्म निराळें आहे. अनेक टप्प्यांची शर्यत ही महाकाव्यासारखी असते. निर्णय सर्व दिवसांच्या एकूण वेळेवर होत असल्यामुळें एका दिवसाचें अपयश पुढें भरून काढतां येतें. स्त्रियांना उणें पडलें तें सातत्य.

पुरुषांची फ्रान्सची शर्यत १९०३ पासून, महायुद्धांचा काळ सोडल्यास, अखंड चालू आहे. स्त्रियांसाठीं १९५५ मध्यें ५ टप्प्यांची शर्यत झाली व मिली रॉबिन्सन जिंकली; पुढल्या वर्षीं ती भरलीच नाहीं. १९८४ मध्यें मूळ शर्यतीच्या चालकांनीं स्त्रियांसाठीं १८ टप्पे आंखले. अमेरिकेची मॅरियान मार्टिन पहिली आली. १९८९ नंतर त्यांनीं अंग काढून घेतलें. इतरांनीं निराळ्या नांवांनीं २००९ पर्यंत ती कशीबशी चालविली. मूळ शर्यत परत आली २०२२ मध्यें. त्या वर्षीं हॉलंडची आनेमीक फान फ्ल्यूटेन आरंभींच पोटाच्या विकारानें मागें पडली, आणि शेवटचे दोन्ही डोंगरी टप्पे जिंकून अजिंक्य ठरली. एका दिवसाच्या शर्यतींत हें घडतेंना! २०२४ मध्यें तर ८ टप्प्यांअखेर पोलंडच्या कासिया निएवियादोमाचा विजय अवघ्या ४ सेकंदांचा होता.

अशा शर्यतींना प्रेक्षक मिळत नाहींत, हा नेहमींचा आक्षेप. परंतु पंढरीची वारी दरवर्षीं त्याच वाटेनें जाते, म्हणूनच वाटेवरचीं गांवें तिची प्रतीक्षा करितात. प्रेक्षक हें सातत्याचें फळ आहे. तें आधीं मागणें हा अन्याय होय.

ठाणें-कल्याणच्या वाचकांना हा विषय दूरदेशचा वाटूं नये. आपल्या शासनानें मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठीं सायकली दिल्या. जानेवारी २०२६ मध्यें पुणें जिल्ह्यांत ४३७ किलोमीटरांची, टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यतहि झाली. पण ती पुरुषांची. म्हणजे मुलीची सायकल शाळेच्या दारापर्यंतच. कल्याणाहून मुरबाडवरून माळशेजचा घाट चढणारा रस्ता एका टप्प्यास पुरेसा कठीण आहे. तेथें स्त्रियांची शर्यत एकदां भरविणें सोपें. ती दुसऱ्या, दहाव्या वर्षींहि भरविणें, हीच खरी कसोटी.