क्वार्टर-कार मॉडेल वापरताय? आधी त्रिकोण काढा

शिरूरहून न्हावरे-चौफुला मार्गे दौंडला जाताना उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात, तर तिच्या चाकांकडे बघा. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खी ट्रॉली कलते, कारण अशा साध्या ट्रॉलीत ॲक्सल थेट चासीला जोडलेला असतो. मध्ये स्प्रिंगच नसते.

हे बघून सस्पेन्शनवर काम करावंसं वाटलं, तर पहिलं हाती येतं क्वार्टर-कार मॉडेल. गाडीचा एक कोपरा, दोन वस्तुमानं, दोन स्प्रिंगा, एक डॅम्पर. मॉडेल उत्तम आहे. माझी तक्रार आहे ती आपण ते वापरतो त्या पद्धतीबद्दल. मॉडेलमध्ये स्प्रिंग थेट चाकावर उभी असते. खऱ्या गाडीत बऱ्याचदा ती आर्मवर, चाकापासून आत असते.

समजा, मागच्या चाकाचा ट्रेलिंग आर्म आहे. खिळीपासून चाकाचा मध्य ४०० मिमी, उभी स्प्रिंग २४० मिमीवर. चाक १० मिमी उचललं तर स्प्रिंग किती दबेल? दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण काढा: ६ मिमी. म्हणजे गुणोत्तर ०.६. पण इथेच थांबू नका. स्प्रिंग कमी दबली म्हणून बल ०.६ पट, आणि तरफेमुळे चाकापर्यंत पोचताना पुन्हा ०.६ पट. म्हणून २५ न्यूटन/मिमीची स्प्रिंग चाकाला जाणवते फक्त ९ ची.

मी पहिल्या वर्षी कॅटलॉगमधला २५ चा आकडा तसाच मॉडेलमध्ये टाकला होता. कोपऱ्यावरचं वस्तुमान २५० किलो. वारंवारता आली सुमारे १.६ हर्ट्झ, खरी होती ०.९५. गंमत अशी, की दोन्ही आकडे कारसाठी पटण्यासारखे आहेत! म्हणून चूक कुणाला खटकली नाही. उत्तर वेडंवाकडं आलं असतं, तर तेव्हाच सापडली असती.

आणखी एक मर्यादा. या मॉडेलला डावं-उजवं कळत नाही. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर ते चालतं, पण एकच चाक खड्ड्यात गेल्यावर गाडी किती कलेल, हे त्याला विचारून उपयोग नाही. त्या ट्रॉलीचा प्रश्न इथे सुटतच नाही.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर आर्म, खिळी आणि स्प्रिंग काढा, अंतरं लिहा. गाईडने ‘हा आकडा कुठून आला?’ विचारलं, तर तो कागद पुढे करता आला पाहिजे.