मेंझीझ, विल्यम कॅमरन

(२९ जुलै १८९६–५ मार्च १९५७). हॉलिवुडमधील श्रेष्ठ अमेरिकन कलादिग्दर्शक. जन्म कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे, स्कॉटिश वंशाच्या कुटुंबात. येल विद्यापीठ व न्यूयॉर्कची ‘आर्ट स्टूडंट्स लीग’ येथे त्याचे शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात सैन्यात सेवा केल्यावर तो चित्रपटव्यवसायात स्थिरावला.

डग्लस फेअरबँक्सच्या द थीफ ऑफ बगदाद (१९२४) या मूकपटाने त्याला कीर्ती मिळवून दिली. त्यातील प्रचंड वास्तू चकचकीत फरशीवर उभारल्या होत्या. त्यामुळे तीत प्रतिबिंबे पडून सबंध नगर अधांतरी तरंगत असल्याचा भास होतो. हे बगदाद इतिहासातील नव्हे, मुलांच्या सचित्र गोष्टींमधील आहे; त्यात अरबी वास्तुशैलीची अचूकता शोधणे व्यर्थ होय. कलादिग्दर्शनाचे पहिले अकादमी पारितोषिक १९२९ मध्ये मेंझीझलाच, द डव्ह व टेंपेस्ट या चित्रपटांसाठी मिळाले.

कलादिग्दर्शकाने दृश्यबंध उभारून द्यावा आणि तो कसा टिपावा हे इतरांनी ठरवावे, अशी तेव्हाची रीत होती. मेंझीझने ती मोडली. कॅमेऱ्याची उंची व कोन, प्रकाशाचा रोख, चौकटीतील पात्राचे स्थान हे सर्व तो चित्रीकरणापूर्वीच रेखाटनांत निश्चित करी. गॉन विथ द विंड (१९३९) या चित्रपटात या पद्धतीची पुरी कसोटी लागली. त्याचे दिग्दर्शक बदलत गेले. जॉर्ज क्यूकर जाऊन व्हिक्टर फ्लेमिंग आला, काही काळ सॅम वुडनेही काम पाहिले. तरीही चित्रपटाचे दृश्यरूप एकसंध राहिले, याचे श्रेय बव्हंशी मेंझीझच्या रेखाटनांना द्यावे लागते. अटलांटाच्या आगीचे दृश्य १० डिसेंबर १९३८ रोजी स्टुडिओच्या आवारातील जुने दृश्यबंध पेटवून चित्रित करण्यात आले. स्कार्लेटची भूमिका कोण करणार, हे तेव्हा जाहीरही झाले नव्हते. दृश्यबंधांचे कलादिग्दर्शन लाइल व्हीलरचे असल्याने निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने मेंझीझसाठी ‘प्रॉडक्शन डिझायनर’ ही वेगळी श्रेयोपाधी योजली. पुढे ती सर्वत्र रूढ झाली. रंगांच्या नाट्यपूर्ण उपयोगाबद्दल अकादमीने त्याचा विशेष गौरव केला.

त्याची शैली सहज ओळखू येते. चौकटीच्या अगदी पुढे एखादी मोठी वस्तू, मागे लहान दिसणारी माणसे, तिरकस गेलेली कुंपणे, आभाळावर उमटलेल्या काळ्या आकृती ही तिची लक्षणे होत. अवर टाउन (१९४०) व किंग्ज रो (१९४२) हे चित्रपट सॅम वुडच्या नावावर असले, तरी वुडच्या इतर चित्रपटांत अशी दृश्यरचना सहसा आढळत नाही. केवळ दिग्दर्शकाच्या नावाने चित्रपटाचे कर्तृत्व मोजणाऱ्या समीक्षेने मेंझीझवर अन्याय केला, तो येथेच.

स्वतः दिग्दर्शन करताना मात्र त्याच्या मर्यादा उघड होतात. एच. जी. वेल्सच्या पटकथेवरील थिंग्ज टु कम (१९३६) मध्ये नगराचा विध्वंस व पुनर्निर्माण यांची दृश्ये विलक्षण प्रभावी आहेत. माणसे मात्र व्याख्याने देत उभी राहतात. यात वेल्सचा वाटा मोठा असला, तरी नटांकडून जिवंत अभिनय करवून घेण्याची हातोटी मेंझीझपाशी नव्हती, हेही खरे. इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स (१९५३) या अल्पखर्ची चित्रपटात हाच दोष गुण ठरला. सारी कथा एका भेदरलेल्या मुलाच्या नजरेतून घडते; म्हणून पोलीस ठाण्याच्या अवास्तव उंच, उघड्या भिंती आणि निर्विकार चेहऱ्यांची मोठी माणसे तेथे चपखल बसतात. या चित्रपटाकडे तज्ज्ञांनी त्या मानाने उशिरा लक्ष दिले.

अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज (१९५६) या चित्रपटाचा तो सहनिर्माता होता. बेव्हर्ली हिल्स येथे त्याचे निधन झाले. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे अकादमी पारितोषिक मिळाले.