कर्णेश्वर मंदिर, संगमेश्वर

कर्णेश्वर मंदिर : रत्नागिरी जिल्ह्यातील कसबा संगमेश्वर येथील मध्ययुगीन शिवमंदिर. संभाजी महाराज १६८९ मध्ये संगमेश्वरास मोगलांच्या हाती सापडले, या घटनेमुळे हे स्थळ सर्वपरिचित आहे. मंदिराच्या शिल्पाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

स्थानिक परंपरेनुसार सातव्या शतकात कर्ण नावाच्या चालुक्य राजाने हे मंदिर बांधले. ही समजूत ग्राह्य मानता येत नाही. बादामीच्या चालुक्यांच्या ज्ञात वंशावळीत या नावाचा राजा नाही, आणि वास्तूचा पुरावाही परंपरेच्या विरुद्ध जातो. बादामी-ऐहोळे येथील त्या काळाचे स्तंभ बहुधा चौरस व जाडजूड आहेत. येथील स्तंभ वर्तुळाकार कड्यांनी घडविलेले असून विताने थरांवर थर रचून सिद्ध केलेली आहेत. ही घडण अकराव्या-बाराव्या शतकांची, म्हणजे अंबरनाथच्या शिवालयाच्या (१०६०) व त्यानंतरच्या काळाची आहे.

कोकणच्या संदर्भात या मंदिराचे महत्त्व विशेष आहे. येथील बहुसंख्य देवळे जांभा, लाकूड व कौले यांची आहेत. सच्छिद्र जांभ्यावर सूक्ष्म कोरीवकाम टिकत नाही. कर्णेश्वराच्या कारागिरांनी काळा पाषाण निवडला आणि त्याबरोबर घाटमाथ्यावरील शिल्पपरंपराही खाली आणली. दक्षिण कोकणावर कोल्हापूरच्या शिलाहारांची सत्ता पसरली होती, हे लक्षात घेता यात नवल नाही.

गर्भगृह, अंतराळ, सभामंडप व तीन बाजूंचे मुखमंडप अशी मंदिराची योजना आहे. सभामंडपाच्या छतावरील अष्टदिक्पाल हा येथील शिल्पांचा उत्कर्षबिंदू होय. ऐरावतावरील इंद्र, रेड्यावरील यम, मकरावरील वरुण हे या समूहाचे ठरलेले सदस्य असून शास्त्राप्रमाणे प्रत्येकाची दिशा निश्चित असते. त्यामुळे दगडी छतास आकाशाचा अर्थ प्राप्त होतो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात हाच विचार अधिक धीटपणे मांडला आहे. तेथे स्वर्गमंडपाचा मध्य उघडाच ठेवलेला आहे. कर्णेश्वराचा परिणाम त्याहून संयत आहे. कोकणातील पाऊस पाहता छत बंद ठेवण्यात व्यवहारही होताच.

इटलीतील पीसा येथील कॅथीड्रलचे बांधकाम १०६३ च्या सुमारास सुरू झाले. तेथे भार अर्धवर्तुळाकार कमानींच्या रांगांवर तोलला आहे. येथे कमान नाही. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवून मोकळी जागा झाकली आहे. साहजिकच मंडप लहान राहिला, स्तंभ जवळजवळ आले आणि पाहणाऱ्याची दृष्टी वर, वितानाकडे वळली.

मंदिरात नंतरच्या काळात दुरुस्त्या होऊन भर पडली असल्याने कालनिर्णयासाठी बाह्यांगापेक्षा मंडपाचा अंतर्भागच अधिक विश्वसनीय ठरतो. आवारातील लहान सूर्यमंदिरही उल्लेखनीय आहे.