दिवा आणि वादळ

कट्ट्याच्या एका स्नेह्यांच्या माजघरात सावळाराम हळदणकरांच्या दिवा धरलेल्या स्त्रीची छापील तसबीर आहे. गेल्या दिवाळीत ती न्याहाळताना स्नेही हळूच म्हणाले, "ही चित्रकाराची जुनी प्रीती असावी. त्यावाचून असा चेहरा साधायचा नाही." हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, म्हणजे आमच्याच मुलखातले, तेव्हा सांगणे भागच पडले की, १९४५-४६ च्या सुमारास दिवा धरून उभी राहिली ती त्यांची कन्या गीता. स्नेही किंचित हिरमुसले.

प्रीतीची कथाच हवी असेल, तर ती ओस्कर कोकोश्काच्या 'वाऱ्याची वधू' या तैलचित्रामागे आहे. संगीतकार गुस्ताव माहलरची विधवा आल्मा हिच्याशी १९१२ पासून जडलेला त्याचा संबंध विस्कटू लागला असता, १९१३-१४ मध्ये त्याने ते रंगवले. १९१५ मध्ये आल्माने दुसऱ्याशी विवाह केला. आज ते चित्र बाझेलच्या संग्रहालयात आहे. वादळात हेलकावणाऱ्या शिंपल्यासारख्या होडीत दोघे पहुडली आहेत. ती त्याच्या खांद्यावर निश्चिंत झोपलेली. तो मात्र टक्क जागा, हातांची बोटे एकमेकांत घट्ट गुंतवून. तिची काया मऊ, त्याची जणू सोललेली. आल्माचे नावही न ऐकलेल्या माणसाला हे जागरण कळावे, असे ते हात आहेत. मग कथेने चित्राला दिले काय? मला वाटते, फार तर तारीख.

हळदणकरांचे काम जलरंगातले. तेथे उजेड वरून लावता येत नाही, कागदाचा गोरेपणा राखून ठेवावा लागतो, आणि एकदा घसरलेला हात सावरणे दुरापास्त. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून तांबूस उजेड झिरपतो, तो या राखण्यातून. हे जपणेच पाहणाऱ्याला प्रेम वाटते आणि त्यात त्याची चूक नाही. चूक एवढीच की त्याला लगेच प्रेयसीचे नावगाव हवे असते.

तथापि मुलखाचा अभिमान बाजूस ठेवून सांगायचे तर हळदणकरांचे हे चित्र जरा अधिकच गोड आहे. चेहऱ्यावर उजेडाखेरीज दुसरे काही घडत नाही. कोकोश्काच्या गुंतलेल्या हातांशेजारी ते टिकते, ते केवळ त्या बोटांच्या बळावर.

स्नेह्यांना हे सारे सांगितले. ते तसबिरीकडे पुन्हा पाहून म्हणाले, "मुलगी तर मुलगी. पण दिवा विझू द्यायची नाही हो ती."