बार्बेलियनची रोजनिशी

पुण्याहून पौडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भूगांव मागें टाकून घाट उतरला कीं पिरंगुट लागतें. पूर्वीं हें भातखाचरांचें गांव. आतां रस्त्याच्या दोन्ही अंगांस कारखान्यांचीं पत्र्याचीं छपरें उभीं आहेत, आणि मुळशी तालुक्यांतील अनेक घरांच्या चुली तेथल्या पाळ्यांवर पेटतात. तेथील एका कारखान्यांत मालाच्या तपासणीचें काम करणारी, आमच्या परिचयाच्या कुटुंबांतील एक मुलगी मागल्या उन्हाळ्यांत आमच्याकडे आली होती. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा विकार जडला असल्याचें निदान झालें होतें. औषधाविषयीं विचारण्यास ती आली नव्हती. त्यास तिचे डॉक्टर समर्थ होते. तिचा प्रश्न एवढाच होता : 'काका, हें कारखान्यांत सांगूं कीं लपवूं?' घरच्या वडील मंडळींचा कौल लपविण्याकडे होता. कारण नोकरीच्या जोडीला लग्नाचाहि प्रश्न होता. आम्हांस तेव्हां धड उत्तर देतां आलें नाहीं. ती गेल्यावर आम्हीं कपाटांतून एक जुनें इंग्रजी पुस्तक काढलें व पुन्हा वाचलें. त्याचाच आज येथें विचार करावयाचा आहे.

'दि जर्नल ऑफ ए डिसअपॉइंटेड मॅन' हें तें पुस्तक. 'एका निराश माणसाची रोजनिशी' असें त्याचें मराठी नांव करतां येईल. तें १९१९ सालीं लंडनला प्रसिद्ध झालें. पुस्तकावर लेखकाचें नांव डब्ल्यू. एन. पी. बार्बेलियन असें आहे; खरें नांव ब्रूस फ्रेडरिक कमिंग्ज. प्रस्तावना एच्. जी. वेल्स यांची असल्यामुळें हा सारा वेल्स यांचाच कल्पनाविलास असावा, असा कित्येकांस संशय आला. परंतु कमिंग्ज खरा होता आणि त्याचें दुखणेंहि खरें होतें.

१८८९ सालीं डेव्हन परगण्यांतील बार्नस्टेपल गांवीं तो जन्मला. तेराव्या वर्षापासून त्यानें रोजनिशी धरली. तिच्या आरंभीं पशुपक्ष्यांच्या नोंदीच फार. विद्यापीठाचें दार त्याला उघडलें नाहीं. वडिलांप्रमाणें बातमीदारी करावी लागली, आणि वडिलांच्या आजारपणामुळें प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेंतील चालून आलेली जागाहि सोडावी लागली. अखेर स्वतःच्या अभ्यासाच्या बळावर स्पर्धेची परीक्षा देऊन १९१२ च्या आरंभीं तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या निसर्गविज्ञान शाखेंत, कीटकविभागांत, रुजू झाला. ज्या नोकरीसाठीं तरुणपण खर्चीं घातलें ती मिळते न मिळते तोंच शरीर दगा देऊं लागलें. डॉक्टरांनीं रोग ओळखला, पण त्याचें नांव रोग्यापासून राखून ठेवलें.

१९१५ च्या नोव्हेंबरांत सैन्यभरतीच्या तपासणीस जातांना डॉक्टरांनीं त्याच्याजवळ तेथील अधिकाऱ्यासाठीं एक बंद पाकीट दिलें. अधिकाऱ्यानें थोडक्या तपासणीवरूनच त्याला नापास केलें. पाकिटाची गरजच पडली नाहीं. परततांना आगगाडींत त्यानें तें स्वतः उघडलें, आणि आपल्या रोगाचें नांव त्याला तेथें प्रथम कळलें. पत्नीस दुःख नको म्हणून त्यानें तें तिच्यापासून लपविलें. पुढें उलगडा झाला कीं, तिला तें विवाहापूर्वींच सांगण्यांत आलें होतें, व सर्व जाणूनच तिनें त्याला वरलें होतें. एकाच छपराखालीं दोघें एकच गुपित एकमेकांपासून जपत होतीं!

या प्रसंगाकडे करुण प्रेमकथा म्हणून पाहण्याचा मोह कोणासहि होईल. आमचें मत निराळें आहे. या रोजनिशींतील खरा शोक मरणाचा नसून कामाचा आहे. संग्रहालयांतील वर्गीकरणाचें काम त्याला क्षुद्र वाटे. त्याला मोठें प्राणिशास्त्र लिहावयाचें होतें. परंतु उद्यां हात चालेल कीं नाहीं हें ठाऊक नसलेल्या माणसास कोणतें काम हातीं घ्यावें व कोणतें टाकावें, याचा हिशेब मांडतां येत नाहीं. डॉक्टरांनीं व आप्तांनीं दयेपोटीं जें लपविलें, त्याबरोबर त्याचा हा हिशेबहि हिरावला गेला. १९१७ त त्यानें नोकरी सोडली. रोगावर इलाज नव्हता हें मान्य. पण नांव आधीं कळतें तर उरलेल्या दिवसांची वांटणी त्यानें स्वतः केली असती.

पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. लेखकाची दृष्टि स्वतःवरून क्वचितच हलते. सहकारी तर छायेसारखे येऊन जातात. शेवटीं १९१७ च्या डिसेंबर अखेरीस आपण वारल्याची खोटी नोंद जोडून त्यानें वाचकास चकविलें. वस्तुतः तो १९१९ च्या ऑक्टोबरांत, वयाच्या तिसाव्या वर्षीं वारला. परंतु हें नाटकीपण वजा केलें तरी जें उरतें तें अस्सल आहे.

आपल्याकडे नसीमा हुरजूक यांचें 'चाकाची खुर्ची' हें आत्मकथन या पुस्तकाशेजारीं ठेवून पाहावें. कोल्हापुरास चाकाच्या खुर्चींतून केंद्रीय अबकारी खात्याची नोकरी करीत त्यांनीं १९८४ सालीं अपंगांसाठीं संस्था उभारली. मात्र खुर्ची दिसते. तिच्यासाठीं उतरण मागतां येते. मल्टिपल स्क्लेरोसिसचें तसें नाहीं. मज्जातंतूंवरील वेष्टणावर शरीराची स्वतःचीच संरक्षक शक्ति उलटते. रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन नोकरीच्या वयांत जडतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. अंग तापलें कीं नजर अंधुक होते, थकवा दुणावतो. निवलें कीं माणूस पुन्हा ठीक दिसूं लागतो. पत्र्याखालीं एप्रिलच्या दुपारीं जी मुलगी मधेंच बसते, ती पाहणाऱ्यास कामचुकारच वाटणार.

कायदा येथें अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यानें एकवीस विकलांगतांत या रोगाचा नांवानिशीं समावेश केला. सेवेंत असतां विकलांग झालेल्या सरकारी नोकरास काढतां येत नाहीं. काम झेपेना तर त्याच वेतनाचें दुसरें द्यावें लागतें. खासगी मालकानेंहि समान संधीचें धोरण जाहीर करावयाचें आहे. पण वरील अभय मात्र सरकारी आस्थापनांपुरतेंच आहे. तेव्हां लपविण्याचा सल्ला देणाऱ्या वडिलांस आम्ही अडाणी म्हणणार नाहीं. त्यांचें भय साधार आहे.

तरीहि बार्बेलियन वाचल्यावर आमचें मन ठरलें. त्याच्या काळीं या रोगाचा वेग रोखणारें औषध नव्हतें. १९९३ पासून तशीं औषधें निघालीं आहेत, आणि तीं लवकर सुरू होण्यांत हित असतें. म्हणजे आज ही मुलगी दीर्घकाळ काम करूं शकेल, आणि म्हणूनच कामाविषयीं बोलणें तिला अगत्याचें आहे. आम्हीं तिला लिहिलें कीं, केव्हां आणि किती सांगावें हें तूंच ठरव; मात्र सांगशील तेव्हां दया मागूं नकोस, बसावयास खुर्ची, वाऱ्याची जागा व दिवसाची पाळी माग. आणि ज्याच्याशीं लग्न ठरेल त्याच्यापासून कांहीं लपवूं नकोस. पुण्यांत या रोगाच्या रुग्णांच्या सोसायटीची शाखा आहे. तेथें हाच प्रश्न सोडविलेलीं माणसें भेटतील.

तिचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. पाकीट तिच्या नांवाचें आहे. तें तिनेंच उघडावयाचें आहे.