समिट कौंटीची स्थायिक लोकवस्ती : शिरगणतीच्या आंकड्यांची चिकित्सा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कोलोराडो संस्थानांत, रॉकी पर्वताच्या ऐन कण्यावर, समिट नांवाची कौंटी आहे. तिचें मुख्य ठिकाण ब्रेकेनरिज हें सुमारें ९,६०० फूट उंचीवर असून १८५९ सालीं सोनें सांपडल्यामुळें वसलें. या डोंगरी मुलखाचे सरकारी शिरगणतीचे आंकडे असे : १८८० – ५,४५९, १८९० – १,९०६, १९०० – २,७४४, १९१० – २,००३, १९२० – १,७२४, १९३० – ९८७, १९४० – १,७५४, १९५० – १,१३५, १९६० – २,०७३, १९७० – २,६६५, १९८० – ८,८४८, १९९० – १२,८८१, २००० – २३,५४८, २०१० – २७,९९४, २०२० – ३१,०५५. यांवरून सहज असा इतिहास रचला जातो कीं, सोनें होतें तोंवर वस्ती होती. सोनें आटलें तशी ती ओसरली. पुढें बर्फावरील खेळ आले आणि ती पुन्हां भरली. ही कथा सुटसुटीत आहे खरी. पण ती पुराव्यास कितपत धरून आहे, हें पाहणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

पहिला आक्षेप १८८० च्या आंकड्यावर. त्या सालची समिट कौंटी म्हणजे आजची नव्हे. १८६१ सालीं स्थापन झालेल्या या कौंटीची हद्द १८८० मध्यें पश्चिमेस यूटाच्या सीमेपर्यंत होती. १८८३ सालीं तींतून ईगल व गारफील्ड या दोन कौंट्या तोडण्यांत आल्या. तेव्हां १८८० व १८९० या दोन आंकड्यांची वजाबाकी करून “दहा वर्षांत दोन-तृतीयांश वस्ती उठली” असें म्हणणें म्हणजे तालुका तोडून दिल्यावर जिल्हा ओसाड पडला असें म्हणण्यासारखें आहे. शिवाय त्या जुन्या हद्दींत पश्चिमेकडे १८६८ च्या तहानें यूट लोकांस राखून दिलेला मुलूख येत होता. कर न देणारे मूळ रहिवासी तेव्हांच्या सामान्य बेरजेंत धरीतच नसत. आणि १८८१ सालीं त्यांतील बहुतेकांस यूटाकडे घालवून देण्यांत आलें. म्हणजे त्या भूमीवरील सर्वांत जुने स्थायिक लोक या कोष्टकांत आलेही नाहींत व गेलेही नाहींत. कोष्टकाच्या आरंभीं शून्य दिसलें म्हणून भूमि शून्य होती असें ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप गणनेच्या दिवसाविषयीं. १९०० ची गणना १ जूनची, १९१० ची १५ एप्रिलची, १९२० ची १ जानेवारीची. १ एप्रिल हा दिवस १९३० पासून कायम झाला. जेथें हिवाळ्यांत झरे गोठतात व वाळू धुण्याचें काम बंद पडतें, तेथें उन्हाळ्याचा आंकडा ऐन हिवाळ्याच्या आंकड्याशीं ताडणें जपूनच केलें पाहिजे. अमेरिकेंत मनुष्य त्याच्या नेहमींच्या राहत्या ठिकाणीं धरला जातो, यामुळें हा दोष कमी होतो. पण ज्या खाणमजुरास दुसरें घरच नाहीं तो सांपडेल तेथेंच धरला जाणार, म्हणून तो दोष अजिबात नाहींसा होत नाहीं.

तिसरा आक्षेप कारणपरंपरेविषयीं. १९३० नंतरची वाढ व १९४० नंतरची घट यांचा सोन्याशीं संबंध लावण्यास आधार आहे : १९३४ सालीं अमेरिकन सरकारनें सोन्याचा भाव २०.६७ डॉलरांवरून ३५ डॉलरांवर नेला, आणि १९४२ सालीं युद्धामुळें सोन्याच्या खाणी बंद करविल्या. परंतु १९६० च्या वाढीचें श्रेय ब्रेकेनरिजच्या बर्फावरील खेळांस देतां येणार नाहीं, कारण ते १९६१ च्या डिसेंबरांत सुरू झाले. कार्य आधीं व कारण मागाहून, असा क्रम इतिहासास मान्य नाहीं. १९४६ पासून अरापाहो बेसिन येथें हे खेळ होते खरे. पण १९६० च्या सुमारास डेन्व्हर शहरास पाणी नेणाऱ्या रॉबर्ट्‌स बोगद्याचें काम चाललें होतें, व तो १९६२ सालीं पुरा झाला, हेंही विसरूं नये.

१९७० नंतरची वाढ मात्र निर्विवाद आहे. १९७० मध्यें कीस्टोन व १९७२ मध्यें कॉपर माउंटन येथें खेळांचीं ठाणीं उघडलीं. १९७३ मध्यें आयझेनहॉवर बोगदा खुला होऊन डेन्व्हरचा रस्ता सुगम झाला. तीस वर्षांत वस्ती जवळजवळ नऊपट झाली. प्रश्न उरतो तो ‘स्थायिक’ या शब्दाचा. आपल्या भाषेंत शिरगणती व खानेसुमारी असे दोन शब्द आहेत. एक डोकीं मोजतो, दुसरा घरें. समिट कौंटींत २००० सालीं डोकीं २३,५४८, तर घरें २४,२०१ भरलीं. माणसांहून घरें अधिक! त्यांपैकीं नांदतीं कुटुंबें ९,१२० घरांत. बाकीच्या १५,०८१ घरांत कोणाचाही नित्य वास नव्हता.

कोंकणच्या वाचकांस हें चित्र उलट्या बाजूनें परिचित आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं १६,९६,७७७ होती, ती २०११ सालीं १६,१५,०६९ झाली. पण मुंबईंत मोजला गेलेला चाकरमानी गणपतींत दार उघडतो तें घर कोंकणांतच असतें. तेथें शीर एकीकडे व घर दुसरीकडे, हें पोटासाठीं घडतें. समिटमध्यें तें बहुतांशीं विश्रांतीसाठीं घडतें. दोन्हींकडे एकाच आंकड्यानें वस्तीचें माप होत नाहीं.

हा केवळ कोष्टकांचा वाद नव्हे. प्रतिनिधित्व व सरकारी अनुदान यांचा हिशेब शिरांवर होतो. रस्ते, पाणी व मैलावहन मात्र सर्व घरांस पुरवावें लागतें. आणि ज्यांच्या श्रमावर तो गांव चालतो त्यांस, इतकीं घरें रिकामीं असतां, परवडेलसें एकही मिळणें कठीण होतें. १९९० ते २००० या दशकांत वस्ती १०,६६७ नीं वाढली, पुढील दशकांत ४,४४६ नीं, व त्यापुढील दशकांत ३,०६१ नीं. ही उतरण वाचतांना ‘लोक यावयाचे थांबले’ असें लिहिण्यापूर्वीं, त्यांस राहावयास जागा होती कीं नाहीं, हें संशोधकानें पाहिलें पाहिजे.

सारांश, १८८० चा आंकडा हद्दीची नोंद केल्यावांचून घेऊं नये; १९२० पर्यंतचे आंकडे गणनेच्या तारखेसह द्यावे; आणि १९७० नंतर शिरांच्या ओळीशेजारीं घरांची ओळ अवश्य मांडावी. इतकें केल्यास हें कोष्टक इतिहासाचें साधन होईल. एरवीं ती नुसती अंकांची माळ आहे.