‘सनद काढून घेतली’ : एका वाक्याची परीक्षा

नाशिक जिल्ह्यांतील भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांच्याविषयींच्या भाषणांतून व स्मरणलेखांतून ‘इंग्रजांनीं त्यांची बॅरिस्टरीची सनद काढून घेतली’ असें वाक्य वारंवार आढळतें. वाक्य लहान आहे व श्रोत्यांस तें रुचतेंहि. परंतु साधनांच्या कसोटीस तें उतरत नाहीं. शिवाय त्यामुळें मूळ अन्यायाचें स्वरूपच झांकलें जातें, असें आमचें मत आहे. म्हणून त्याची परीक्षा येथें करीत आहों.

प्रथम शब्द पाहूं. ‘सनद’ ही आपल्याकडील वकिलीची परिभाषा होय. बॅरिस्टराची गोष्ट निराळी. लंडनच्या चार इन्सपैकीं एकींत विद्यार्थ्यानें नांव दाखल करावें, तेथील सत्रें भरावीं, परीक्षा द्यावी आणि मग त्या संस्थेच्या ‘बेंचर’ नामक वडील सभासदांनीं त्यास व्यवसायांत पाचारण करावें, असा तेथील क्रम. सावरकर १९०६ सालीं लंडनला गेले व ग्रेज इनमध्यें दाखल झाले. परीक्षा ते उत्तीर्ण झाले. परंतु १९०९ सालीं बेंचरांनीं चौकशी करून त्यांस पाचारण करण्याचें नाकारलें. म्हणजे जें दिलेंच नव्हतें तें काढून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर हा प्रध्वंसाभाव नव्हे, प्रागभाव आहे. घट फुटला असें म्हणण्यास आधीं घट असावा लागतो.

हा घोटाळा कां झाला असावा? सावरकरांची बी. ए. ची पदवी मुंबई विद्यापीठानें काढून घेतली होती. तेथें ‘काढून घेतली’ हें क्रियापद यथार्थ आहे. दोन गोष्टी एकत्र होऊन एकीचें क्रियापद दुसरीस चिकटलें, असा आमचा तर्क आहे.

कोणी म्हणेल, दिली नाहीं काय आणि काढून घेतली काय, फळ एकच. आम्हांस हें मान्य नाहीं. इनर टेंपलनें श्यामजी कृष्णवर्मा यांस १९०९ सालींच काढून टाकलें, तें ‘टाइम्स’ पत्रांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लिखाणावरून. त्यांचें नांव २०१५ सालीं पुन्हा दाखल झालें. गांधी १८९१ सालीं त्याच संस्थेंतून बॅरिस्टर झाले. मार्च १९२२ मध्यें राजद्रोहाबद्दल शिक्षा झाल्यावर त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत त्यांचें नांव कमी केलें गेलें व १९८८ सालीं तें परत घेतलें गेलें. पहिल्याच्या मुळाशीं मत, दुसऱ्याच्या मुळाशीं न्यायालयाचा निकाल. सावरकरांच्या बाबतींत त्या वेळीं असा निकाल नव्हता. त्यांचे वडील बंधु गणेशपंत यांस जून १९०९ मध्यें नाशकांत जन्मठेप झाली होती. पण बंधूची शिक्षा हा आपला अपराध नव्हे. जॅक्सनचा वध २१ डिसेंबर १९०९ चा, सावरकरांची अटक मार्च १९१० ची आणि त्यांस पहिली जन्मठेप झाली ती डिसेंबर १९१० मध्यें. अपराध शाबीत होण्यापूर्वींच व्यवसायाचें दार बंद झालें, हा येथील खरा आक्षेपार्ह भाग. ‘काढून घेतली’ म्हणणारा नकळत हाच मुद्दा सोडून देतो.

आपले सभासद निवडण्याचा व त्यांचें शील पाहण्याचा अधिकार संस्थेस होताच, हें बेंचरांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु चौकशी करणारे तेच व निर्णय देणारेहि तेच, हें विसरतां येत नाहीं. आपल्या १९६१ च्या ॲडव्होकेट कायद्यांतहि वकिलाची चौकशी व्यवसायबंधूच करितात. राज्याच्या बार कौन्सिलनें तक्रारीवरून अथवा अन्यथा प्रकरण शिस्तपालन समितीकडे सोपवावें, तिनें वकिलास म्हणणें मांडण्याची संधि द्यावी व मगच निर्णय करावा; त्यावर भारतीय बार कौन्सिलकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे अपील, अशी तींत पायरी आहे.

आतां संग्राहकांच्या कामाचें. अशा चौकशीचे कागद बहुधा गुप्त असतात. १९१९ सालीं अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनीं सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या करणाऱ्या वकिलांविषयीं मुंबई उच्च न्यायालयास कळविलें. तें पत्र गांधींनीं ‘यंग इंडिया’ पत्रांत छापलें, आणि त्याबद्दल १९२० सालीं ते व महादेव देसाई न्यायालयाच्या बेअदबीचे दोषी ठरून त्यांस कडक समज देण्यांत आली. जें छापणें तेव्हां अपराध ठरलें, तेंच आज अभ्यासकांस उत्तम साधन आहे.

जुन्या वकील घराण्यांच्या दप्तरांत अशा नोटिसा, जबाब व हुकूम असूं शकतात. लाजेखातर ते जाळूं नयेत, आणि अभिमानाखातर त्यांवर वाटेल तें शीर्षकहि चढवूं नये. नोंद करितांना चारच गोष्टी लिहाव्या : कळविलें कोणीं, आरोप कोणता, चौकशी कोणापुढें, अखेरचा हुकूम काय. नाकारलें, तहकूब केलें, कमी केलें हे तीन निरनिराळे हुकूम आहेत. निराधार कांहींहि न लिहिण्याची मल्लिनाथाची प्रतिज्ञा टीकाकारांपुरती नाहीं. यादी करणारासहि ती लागू आहे.